मामीचा हात आणि लिंबोळ्या

माझ्या आईबद्दल आजवर मी जे जे चांगलं लिहिलं ते सगळं खरं आहे. हे प्रकरणही खरं आहे, आणि म्हणूनच इतकी वर्षं टाळत आले. आई आता नाही, संगीतामामीही नाही. त्या दिवशी आमच्या गच्चीवर जे लोक उभे होते, त्यांतलं कुणी हे वाचेल असंही वाटत नाही. तरी या वयातसुद्धा लिहायला बसले की कान गरम होतात, आणि मग मी उठून उगाचच चहा टाकते.

आम्ही तेव्हा दिघीत राहत होतो. लष्कराच्या जागेच्या तारेला लागून जी गल्ली जाते, तिच्या टोकाला जगतापकाकूंचं घर होतं. खाली काकूंच्या मुलासुनांचा बारदाना, वर आमच्या दोन खोल्या आणि पुढे गच्ची. भाडं भरून राहत असलो तरी गच्ची मात्र आमचीच, असं आई सगळ्यांना सांगायची आणि काकू ऐकून घ्यायच्या. वडील भोसरीत पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपला होते. दिवसभर प्रेसचा दणका खाऊन घरी आले की त्यांना कमी ऐकू यायचं, किंवा तसं दाखवणं त्यांना सोयीचं पडायचं. आई चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जायची. कंपनीची बस पकडायला निघाली की जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज व्हायचा, आणि तारेपलीकडून त्याच सुमाराला परेडच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण शीतल, एका डॉक्टरांकडे रिसेप्शनला होती. मी कॉलेजला होते, म्हणजे जात होते. घरात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आठवड्यातून एकदा तरी येसराची आमटी असायची. येसर आमच्या बीडकडचा. पुण्याच्या मसाल्यांना आईनं शेवटपर्यंत मसाला म्हटलं नाही.

तो येसर संगीतामामी करून पाठवायची. दत्तामामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आणि मामी त्याची बायको. गावाकडून निघणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे ती पिशवी द्यायची. त्यात येसर, ज्वारीचं पीठ, आणि पाडव्याच्या आधी लिंबाचा मोहोर असायचा. आमच्याकडे कडुनिंबाला नुसतं लिंब म्हणतात. आईच्या माहेरी दारातच मोठा लिंब होता. त्याच्या सावलीत तिचं बाळंतपण झालं असं ती सांगायची, म्हणजे बाळंतपण घरातच झालं, पण बाज नंतर लिंबाखाली टाकली होती. पाडव्याला आम्ही त्याच झाडाचा मोहोर गुळाबरोबर खायचो. दिघीत पावलोपावली लिंब होते, पण ते आईच्या हिशोबी परके.

मी सांगतेय त्या वर्षी पाडव्याला मोहोर आला नाही. मामाचा फोन आला. "आक्का, गारा झाल्या बग. मोहोर सगळा खाली. आता परत फुटलाय थोडा, पण ऊन असं पडलंय की हात लावला की चुरा होतोय." आईनं "असू दे" म्हटलं आणि काकूंच्या ओळखीतल्या एका झाडाचा पाला आणला. गारा, अवकाळी, ऊन हे शब्द तेव्हा आमच्या फोनवर इतके नेहमीचे झाले होते की त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नसे. आमचं लक्ष दुसरीकडे होतं. ताईचं लग्न ठरलं होतं.

मुलाकडचे लोक पुनावळ्याचे, जुने गाववाले. जमिनीवर टॉवर उभे राहिलेले, दारात मोठी गाडी, आणि माणसं तरी साधी. विहीणबाई अजून "व्हय" आणि "न्हाई" बोलायच्या. पण आमची आई त्यांच्यासमोर बसली की पुस्तकातल्यासारखं बोलायला लागायची. सुपारी फुटली त्या दिवशी विहीणबाईंनी सहज विचारलं, की पाहुण्यांना वाटायला काय, स्टीलचे डबे घेऊ का? आईला काय सुचलं कोण जाणे. म्हणाली, "डबे सगळेच देतात. आमच्याकडून प्रत्येक पाहुण्याला लिंबाचं रोप. माझ्या माहेरच्या दारातल्या झाडाचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. विहीणबाईंच्या धाकट्या दिरानं तर मोबाईलवर लगेच सगळ्यांना कळवून टाकलं. वडिलांनी आईकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा ते आम्हाला फार मोठेपणाचं वाटलं. लग्न हिवाळ्यात होतं. पावसाळ्याच्या तोंडी लिंबोळ्या लावल्या की तोवर हातभर रोपं होतील, हा आईचा हिशोब चुकीचाही नव्हता.

आता मामीबद्दल सांगायला हवं. मामीला मूल नव्हतं. एवढंच सांगून हे वाक्य संपायला हवं, पण आमच्या घरात ते कधीच तिथं संपलं नाही. आमच्याकडे कुठलंही कार्य असलं की मामी आठवडाभर आधी यायची. पुरण वाटणं, पापड लाटणं, भांडी, अंथरुणं, सगळं तिच्याकडे. ओटी भरायची वेळ आली की मात्र ती आपण होऊन स्वयंपाकघरात दिसायची. चुलतबहिणीच्या डोहाळजेवणाला तिनं केलेली जिलबी सगळ्यांनी वाखाणली आणि तिला बाहेर कुणी बोलावलं नाही. आई वाईट नव्हती. मामीला साडी घ्यायची, डॉक्टरकडे न्यायची, तिच्या पाठीला तेल लावायची. पण पेरणीची पहिली मूठ लेकुरवाळीनं धरायची, हे ती गावाकडून येसराबरोबर घेऊन आली होती. गच्चीतल्या कुंडीत मेथी टाकायची तरी स्वतःच्या हातानं टाकायची. आम्ही दोघी बहिणी त्यावर हसायचो. हसणं सोपं होतं, कारण ते आमच्याबद्दल नव्हतं.

पाऊस लागल्यावर मामी लिंबोळ्या घेऊन आली. पाटीत ओलं फडकं, त्यात लिंबोळ्या, वरून पुन्हा ओलं फडकं. एसटीत रात्रभर तिनं ती पाटी मांडीवर धरली होती. आई सकाळीच कामावर गेलेली. मामीनं चहासुद्धा उभ्यानं घेतला. "लिंबोळी थांबत न्हाई बाई. आंबा ठिवला तर पिकतो, ही ठिवली की मरती." गच्चीवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या माती भरून तयार होत्या. साऱ्या गल्लीनं त्या आमच्यासाठी धुऊन साठवल्या होत्या. आम्ही दोघी बसलो. लिंबोळीचा गर बोटांना चिकटायचा, वास गोड आणि कडू एकदमच. मामी एखादी तोंडात टाकायची, गर चोखायची आणि बी तळहातावर काढायची. "खा की, गोड असती. कडू आतलं असतंय." मध्येच म्हणाली, "औंदा बारीक आल्या गं. लवकर बी पडल्या." निम्म्या पिशव्या तिनं लावल्या, निम्म्या मी. ती प्रत्येक पिशवीला पाणी घालताना "ये बाई लवकर" म्हणायची, मी नुसतंच पाणी घालत होते. माझ्या तरुणपणातल्या चांगल्या दुपारींमध्ये ती दुपार अजून येते.

आई आली, पिशव्या पाहिल्या आणि जिन्यातच थांबली.

"सगळ्या लावल्या?"

"व्हय आक्का. सुकल्या असत्या."

"बरं," आई म्हणाली. त्या "बरं"चा अर्थ आम्हा तिघींनाही कळला. मामी पाटी धुवायला मोरीत गेली.

पुढे आम्ही वाट पाहत बसलो. आठवडा गेला, दुसरा गेला. पिशव्यांमधून टोमॅटो उगवला, माठ उगवला, कुठून तरी आलेलं गवत उगवलं. लिंब उगवला नाही. आई कामावरून आली की पर्स न ठेवता आधी गच्चीवर जायची, वाकून एकेक पिशवी पाहायची. मामी लग्नाच्या कामांसाठी राहिली होती. ती गच्चीच्या दारात बसून डाळी निवडायची आणि पिशव्यांकडे पाहायचं टाळायची. त्या दोघींमध्ये मीठ दे, दार लाव एवढंच बोलणं उरलं. मला वाटतं त्या दिवसांत आईला खरी भीती वाटत होती. रोपांची नाही, पुनावळ्याच्या लोकांसमोर तोंड दाखवण्याची. एवढं बोलून बसलेली बाई, आणि दारात नुसत्या मातीच्या पिशव्या.

मग एका रविवारी याद्या करायला विहीणबाई आल्या, बरोबर त्यांची जाऊ आणि नवरामुलगा. चहा व्हायच्या आधीच त्या उठल्या. "रोपं दावा की आमाला. आमच्या आळीत समद्यांना सांगून ठिवलंय मी." नको म्हणायला जागाच नव्हती. सगळे गच्चीवर गेले. रांगेनं लावलेल्या दुधाच्या पिशव्या, त्यांच्यावर छापलेली गाय, आणि आत ओली काळी माती. विहीणबाई वाकून पाहू लागल्या. त्यांना वाटलं असावं, आपल्याला दिसत नाहीये.

"उगवलं न्हाई का?"

मामी तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. आईनं तिला पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं, पण पाहिलं होतं. आणि आमची पुस्तकी बोलणारी आई एकदम गावाकडचं बोलली.

"लिंब चांगलाच हाय आमचा. लावणाऱ्याचा हात बी लागतो ना वो. ज्या हाताला कधी फळ आलं न्हाई, त्यानंच सगळ्या लावल्या. मी कामावर होते, न्हाईतर..."

कुणीतरी काहीतरी बोलेल असं मला वाटलं. विहीणबाई तरी म्हणतील, असं कुठं असतं का. पण त्यांनी मान हलवली. अगदी समजुतीनं. "व्हय, ते बघावंच लागतं," म्हणाल्या, आणि ताईच्या डोक्यावरून हात फिरवला. नवरामुलगा मोबाईलमध्ये पाहत होता. वडिलांना नेहमीप्रमाणे ऐकू आलं नव्हतं. मामीनं ट्रे कट्ट्यावर ठेवला आणि सगळ्यांना एकेक कप दिला. मला कप देताना तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी चहात पाहिलं. निम्म्या पिशव्या माझ्या हातच्या होत्या. एवढं एक वाक्य बोलले असते तर आईचा सगळा न्याय तिथंच कोसळला असता. पण पाहुण्यांसमोर आई खोटी पडली असती, ताईच्या सासरचे काय म्हणाले असते, असं सगळं माझ्या डोक्यात भराभर आलं. खरं म्हणजे मला भीती वाटली, की मग माझ्याच हाताकडे सगळे पाहतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी निघाली. गुरांना कुणी नाही, असं कारण सांगितलं. जिन्यात मला म्हणाली, "पाणी घालत जा. एखांदी उशिरा बी येती." तिला भोसरीपर्यंत सोडायला मी गेले. बस येईपर्यंत आम्ही भाजीच्या भावाबद्दल बोललो.

त्या संध्याकाळी वडील जेवता जेवता म्हणाले, "उचलली जीभ लावली टाळ्याला." म्हणजे त्यांना ऐकू आलं होतं. आईनं आपलं ताट उचललं, आणि ते पुन्हा त्या विषयावर कधी बोलले नाहीत. मला त्या दोघांचाही राग आला आणि मी भांडी घासली.

आईचा मात्र अजून विश्वास होता. तिनं मामाला फोन करून उरलेल्या लिंबोळ्या मागवल्या, आणि हेही सांगितलं की तूच वेच, दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नको. बिचारा मामा स्वतः घेऊन आला. घरात आपली बायको काय ऐकून आली ते त्याला ठाऊक होतं की नाही, त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. या खेपेला आईनं जगतापकाकूंना बोलावलं. काकूंना सगळे मुलगेच, त्यांनाही पुन्हा मुलगे, सुना, नातवंडं, घर कसं यात्रेसारखं. आईनं त्यांना पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, नारळ दिला. काकू खूश. "आगं, म्या दगुड लावला तरी उगवंल," म्हणत त्यांनी सगळ्या पिशव्या पुन्हा लावल्या. वाटीभर लिंबोळ्या उरल्या, त्या खिडकीत ठेवल्या.

काकूंचंही काही उगवलं नाही.

काकूंना ते मनाला लागलं. एक दिवस त्या तरातरा वर आल्या, वाटीतली एक वाळलेली बी घेतली आणि उंबऱ्यावर बत्त्यानं फोडली. "आगं ये, हिकडं ये. ह्यात काईच न्हाई. निस्ता भुसा हाय." आई आली. लिंबोळीच्या आत हिरवट, तेलकट मगज असतो, नखानं दाबला तर ओल लागते. तिथं तपकिरी, सुरकुतलेलं काहीतरी होतं. आईनं दुसरी फोडली. मग तिसरी. मग वाटी घेऊन खाली फतकल मारून बसली आणि फोडतच राहिली. काकू म्हणाल्या, "आगं पुरं." आई थांबली नाही. गच्चीवरच्या पिशव्याही तिनं उपसल्या, मातीतून बिया काढून पाहिल्या. मामीनं लावलेल्या, मी लावलेल्या, काकूंनी लावलेल्या, सगळ्या आतून तशाच. संध्याकाळी तिच्या साडीवर टरफलं चिकटलेली होती आणि ती पोळ्या करायला उठली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, हे तिला तेव्हा कळलं होतं. कळल्यावर माणूस काय करतं, तर तिनं काहीच केलं नाही. फोनसुद्धा नाही.

झाडांचं असं का होतं ते मला पुढे हळूहळू कळत गेलं. मोहोराच्या वेळेला फार ऊन झालं तर परागच मरतो. गारांनी पहिला बहर पाडला की दुसरा अवेळी येतो, तेव्हा भर उन्हात मधमाश्या फिरकत नाहीत. फळ धरलं तरी बी भरत नाही. वरून लिंबोळी लिंबोळीसारखीच दिसते. आमच्या गच्चीसमोर तारेपलीकडे लष्कराची जागा होती. तिथं कुऱ्हाड चालत नव्हती, बिल्डर शिरत नव्हता, झाडं हिरवीगार. मी लहान असताना त्यांच्याखाली पावसाळ्यात रोपांचा गालिचा व्हायचा. पुढे पुढे खाली फक्त पाचोळा दिसू लागला. मी रोज गच्चीत त्या तारेकडे तोंड करून केस विंचरायची, पण खाली झाडांची पोरं दिसत नाहीत हे माझ्या कधी लक्षातही आलं नाही. नंतर भीमाशंकराकडच्या रानात गेले तेव्हाही मी आधी खाली पाहिलं. सोबतचे लोक वर पाहून वा वा करत होते.

लग्न झालं. पाहुण्यांना स्टीलचे डबे दिले. विहीणबाईंनी रोपांचं नाव काढलं नाही, तो त्यांचा चांगुलपणा. मामा एकटाच आला आणि त्यानं ताईला बोहल्यापर्यंत नेलं. मागे दिवा घेऊन मामी असायला हवी होती. ऐन वेळी मलाच उभं केलं. ताई अंतरपाटाशी उभी होती आणि तिनं वळून मागे पाहिलं, कोण आहे ते. मला पाहून ती पुन्हा समोर वळली. फोटोत तिचं तोंड पडलेलं दिसतं. आम्ही सगळ्यांना सांगतो की माहेर सुटायचं म्हणून.

उन्हाळ्यात आईनं कँटीनमधून सुट्टी घेतली आणि मला म्हणाली, "चल, जाऊन येऊ." तिनं मामीसाठी साडी घेतली होती, चांगली, काठाची. एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, पण ओठ हलत होते. एकदा मला ऐकू आलं, "संगीता, माझं चुकलं." मग थोडं थांबून, "संगीता, माझंच चुकलं." मी झोपेचं सोंग घेतलं. मनात म्हटलं, मीही बोलेन. आई बोलली की लगेच.

आम्ही पोचलो तेव्हा मामी अंगण झाडत होती. त्या वर्षी गारा झाल्या नव्हत्या. लिंब मोहोरानं पांढरा झाला होता, आणि तरी खाली मोहोराचा सडा पडलेला, चालताना पायाखाली कुरकुरत होता. मामीनं खराटा ठेवला, आम्हाला पाणी दिलं, बाज ओढली. प्रवास कसा झाला विचारलं, शीतल कशी आहे विचारलं. तिच्या वागण्यात काही म्हणजे काही नव्हतं, आणि त्यामुळे आईला सुरुवात कुठून करावी ते सापडेना. साडीची पिशवी मांडीवर धरून ती बसून राहिली. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिनं वर झाडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "औंदा तरी धरंल का गं ह्याला काही? का ह्या बी वर्षी..."

मामी चटकन पुढं झाली आणि झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिली.

"आक्का," ती म्हणाली, "मला बोललात ते बोललात. ह्याला मातर काही बोलू नका. त्याच्या हातात काय हाय?"

आईनं मांडीवरची पिशवी बाजेवर ठेवली. मग ती खाली पाहून म्हणाली, "न्हाई बोलत." मी तर तेवढंही बोलले नाही. माफी म्हणून त्या घरात जे काही मागितलं गेलं ते एवढंच, आणि तेही झाडाच्या वाट्याचं.